बी विंग: उद्याची नव्हे, आजचीच टँक सफाई

सावंत ७०२: ११ वाजता "टँक क्लीनिंग" असा मेसेज आणि ११:०५ ला पाणी बंद! अंगाला साबण होता माझ्या.

पाटील (सेक्रेटरी): सावंतसाहेब, परवापासून नोटीस बोर्डावर आहे. कृपया वाचत चला.

देसाई वहिनी: टाकीचं झाकण कधी बसणार?

कुलकर्णी काका: पाटील, नोटिशीत सरळ "टाकी" लिहा हो. टँक मूळचा इकडचाच. आपलं टाकं. गडावर कातळात खोदलेलं असतं ना, तेच. इंग्रजांनी सतराव्या शतकात इथूनच उचलला.

शाह ४०१: काका, आमचं गुजराती टांकुं पण आहे हां 😀

डिसोझा: पोर्तुगीजांचं विसरलात का? तांक. त्यांच्यात एश्तांकार म्हणजे वाहतं थांबवणं.

सावंत ७०२: ते ११:०५ लाच थांबवलंय.

देसाई वहिनी: झाकण?

कुलकर्णी काका: डिसोझा, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाहीच. दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले असंही म्हणतात. आणि कान्हेरीच्या शिलालेखांत तर टाक्याला "पोढी" म्हटलंय. लेण्याच्या दारातच पाणी. त्यांना सफाईची नोटीस लागत नसे.

पाटील (सेक्रेटरी): 🙏

रोहन ए-१०१: मग रणगाड्याला टँक का म्हणतात?

कुलकर्णी काका: इंग्लंडात लिंकनला गुपचूप बनवत होते, १९१५ साली. बाहेर सांगायचं, पाण्याच्या टाक्या आहेत. आधी "वॉटर कॅरियर" ठरत होतं, पण कमिटीचं नाव डब्ल्यूसी झालं असतं! म्हणून टँक. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत उतरले.

रोहन ए-१०१: आपल्या कमिटीला शोभेल 😂

पाटील (सेक्रेटरी): रोहन, बाबांना सांग, तीन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे.

रोहनचे बाबा: पाटील, हे ग्रुपवर बोलायची गरज होती का? लीकेजचं काय झालं ते आधी सांगा.

देसाई वहिनी: तिसऱ्यांदा विचारतेय. झाकण. गणपतीत कबुतर निघालं होतं, सगळ्यांनी तेच पाणी प्यायलंय.

शाह ४०१: वहिनी, जेवतोय आम्ही.

पाटील (सेक्रेटरी): कोटेशन आलंय, मीटिंगला ठेवतो. तोवर तात्पुरती फळी टाकली आहे. मोटर सुरू केली, पहिली बादली सोडून द्या.

सावंत ७०२: नळ नुसता फुसफुसतोय.

देसाई वहिनी: फळी कुठली? गच्चीत माझ्या तुळशीच्या कुंडीखाली होती ती???