रोज रात्री गांजा, सकाळी काम चोख: मग व्यसन कशाला म्हणायचं?

चहाटळ: ९:१२ची लोकल न चुकवणारा, कामं वेळेत उरकणारा माणूस रात्री एक जॉइंट ओढतो. लगेच गर्दुल्ला? ओढणाऱ्यांपैकी अडकतात ९-१० टक्के. दारूत याहून जास्त, तंबाखूत तर तिप्पट.

खोडरबर: तो आकडा आयुष्यात एकदा तरी ओढलेल्या सगळ्यांचा. तुम्ही बोलताय रोजवाल्यांबद्दल, तिथे धोका कितीतरी जास्त. शाळा-कॉलेजात सुरुवात केलेल्यांत साधारण सहातला एक अडकतो.

आणि लोकल पकडणं हा निकषच नव्हे. गांज्यातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, मेंदूतल्या सीबी१ रिसेप्टरवर (पेशीवरची संदेश पकडणारी जागा) बसतं, ती जागा शरीराच्या स्वतःच्या आनंदामाइड या रसायनाची (१९९२ साली सापडलं, नाव आपल्या ‘आनंद’वरूनच). रोज मारा झाला की मेंदू रिसेप्टर कमी करतो. पंधरा दिवस पुरणारी पुडी आठात संपते, आणि पुडी नसली की जेवणसुद्धा सपक.

चहाटळ: पण झोप तर लागते ना?

रातराणी: लागते. खरी गोम तिथेच आहे. बंद केलं की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री उशी घामाने भिजते, भूक मरते, चिडचिड होते, स्वप्नं विचित्र आणि लख्ख. पहिला आठवडा वाईट, दोनेक आठवड्यांत बाकीचं ओसरतं, झोपेला महिना लागू शकतो. माणूस चौथ्या रात्री म्हणतो, ‘बघा, मला झोपेचाच त्रास आहे,’ आणि परत ओढतो. तो त्रास गांजा सुटल्याचा असतो.

खोडरबर: कामाचंही तसंच. ठरलेली एक्सेल शीट भरून होते. नवं सॉफ्टवेअर शिकताना तीच ओळ तीनदा वाचावी लागते. साहेबाला शीट दिसते, ओळ दिसत नाही.

चहाटळ: मग परीक्षा काय?

रातराणी: चार आठवडे पूर्ण बंद. रिसेप्टर साधारण तेवढ्यात पूर्वपदावर येतात. तारीख कॅलेंडरवर लिहायची, दुपारनंतर चहा-कॉफी नाही. जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळत असाल तर अर्धी तलफ निकोटिनची असू शकते. गांजा सोडून सिगारेटी दुप्पट होतात ते यामुळे. जमलं नाही तर मुंबईत केईएम, नायर, सायन, कुठल्याही हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा.

चहाटळ: मान्य. पण हीच परीक्षा दारूवाल्यांनाही लावा की!

रातराणी: लावू, पण डॉक्टरांना विचारून. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गांज्यात ती भीती नाही.