ब्रेक पेडल हळूहळू खाली जातंय, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मध्येच दगा देतोय आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं सगळं ओके, काय करू?

डावी_लेन
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, कारण या गाडीत घरचे सगळे बसतात आणि आता खरंच भीती वाटायला लागलीय. गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक, ड्युअल क्लचवाली, म्हणजे आत दोन क्लच आणि ते कॉम्प्युटरच लावतो-सोडतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं की लगेच दोन पार्ट्या पडतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

त्रास दोन आहेत. पहिला गिअरबॉक्सचा. ट्रॅफिकमध्ये बराच वेळ सरकत सरकत जावं लागलं की गाडी थरथरायला लागते, मग कधीतरी रेस दिली तरी जागची हलत नाही, नुसता इंजिनचा आवाज वाढतो, आणि क्षणभराने एकदम झटका मारून पुढे सुटते. चौकात समोरून गाडी येत असताना हे झालं की पोटात गोळाच येतो. एकदा चढावर तर डी (ड्राइव्ह) मध्ये असून, रेस देऊनही मागे यायला लागली, मागे एक स्कूटरवाला उभा होता, हँडब्रेक ओढला म्हणून थांबली.

दुसरा त्रास ब्रेकचा. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभा असलो की पेडल हळूहळू खाली जातं. पाय उचलून परत दाबलं की पुन्हा वर, एकदम नॉर्मल. चालत्या गाडीत ब्रेक लागतोय. बॉनेट उघडून बघितलं, ब्रेक ऑइलची लेव्हल बरोबर आहे, चाकांच्या आतल्या बाजूला कुठे ओलं दिसत नाही.

दोन्ही गोष्टी सर्व्हिस सेंटरला सांगितल्या. त्यांनी स्कॅनर लावला, म्हणाले एकही फॉल्ट कोड नाही, ड्युअल क्लच असाच असतो, तुमची चालवायची पद्धत बदला. जॉब कार्डवर लिहिलं "जनरल चेकअप, ओके". ब्रेकचा तर उल्लेखच नाही. आता मला सांगा, गाडी चालवू की नको, या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध असतो का, आणि पुढे तक्रार करायची तर कशी?

पाना_स्क्रू
आधी ब्रेकचं, बाकी सगळं नंतर. गाडी आजपासून चालवू नका.

तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे पाय दाबून ठेवला की पेडल सावकाश खाली, परत दाबलं की वर, ऑइलची लेव्हल तशीच आणि बाहेर कुठे गळती नाही, हे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग, आतून गेल्याचं अगदी पुस्तकी लक्षण आहे. आतले रबराचे सील झिजले की दाबलेलं ऑइल सीलला वळसा घालून परत टाकीकडे येतं, बाहेर थेंबही पडत नाही म्हणून लेव्हल कमी होत नाही. जोरात एकदम ब्रेक मारला की सील फुगून बसतात म्हणून चालत्या गाडीत ब्रेक चांगला वाटतो, हळू दाबलं की प्रेशर निसटतं. आणि हे स्कॅनरमध्ये दिसणार नाही! स्कॅनर सेन्सरचं सांगतो, रबराचं सील झिजलंय हे सांगणारा सेन्सर तिथे नसतोच. त्यामुळे फॉल्ट कोड नाही याचा अर्थ ब्रेक ठीक आहेत असा कुणी काढत असेल तर ते चूक आहे.

घरी तपासायचं तर सपाट जागी गाडी पी (पार्क) मध्ये, हँडब्रेक लावून, इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. मग मध्यम दाब देऊन अर्धा मिनिट धरून ठेवा. खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडर. क्वचित एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमधला वॉल्व्हही आतून गळतो, तो फरक गॅरेजवाला पाईप बंद करून काढू शकतो. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं की पेडल थोडंसं खाली जाऊन थांबायला हवं, तेवढं नॉर्मल आहे, बूस्टर काम करतोय असा त्याचा अर्थ.

आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते बघा. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा प्रकार कोरडं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलेलं असेल तर मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापलं की आत वाफ धरते, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल सरळ तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी बदला म्हणतात पण लेव्हल दिसते ना बरोबर, म्हणून वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही.

क्लचपीडित
मी गिअरबॉक्सबद्दल लिहितो कारण हेच सगळं भोगलंय, तेच वाक्य ऐकलंय, "तुमची चालवायची पद्धत". इतका राग येतो ना हे ऐकून, कारण त्याला उत्तरच देता येत नाही, माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो.

मला शेवटी ज्याचा उपयोग झाला ते सांगतो. त्रास गाडी गरम झाल्यावर होतो आणि आपण सर्व्हिस सेंटरला नेतो तोपर्यंत किंवा तिथे उभी राहून ती थंड झालेली असते. मग ते एक राऊंड मारतात आणि "प्रॉब्लेम दिसला नाही" लिहितात. म्हणून गाडी तापलेली असतानाच जा, आणि त्यांच्या माणसाला शेजारी बसवून तुम्ही स्वतः चालवा, स्कॅनर लावून लाइव्ह डेटा चालू ठेवायला सांगा. कोरडा, म्हणजे ऑइलमध्ये न बुडवलेला क्लच असलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये क्लचचं तापमान तिथे दिसतं, कुठला गिअर लागलाय, पेडल किती दाबलंय, इंजिनचे फेरे किती आणि गिअरबॉक्सच्या आत जाणारे किती, हे सगळं दिसतं. इंजिन फिरतंय पण पुढे फेरे पोचत नाहीत हे आकड्यात दिसलं की मग पद्धतीवर ढकलता येत नाही.

व्हिडिओ पण काढा, पण तुम्ही नाही, शेजारच्याने. मीटर आणि समोरचा रस्ता दोन्ही एका फ्रेममध्ये यायला हवं.

निवांत_चालक
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. ब्रेकचं वर लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर, पण गिअरबॉक्सच्या बाबतीत सर्व्हिस सेंटर पूर्ण खोटं बोलतंय असं नाही. ड्युअल क्लच बाहेरून ऑटोमॅटिक दिसतो पण आत मॅन्युअलसारख्याच क्लच प्लेट असतात, फक्त त्या दाबणारा पाय कॉम्प्युटरचा. चढावर ब्रेक न दाबता हलकी रेस देऊन गाडी जागेवर तोलून धरली, किंवा पुढची गाडी वीतभर सरकली की आपणही वीतभर सरकलो, तर प्लेट सतत अर्धी लागलेली राहते आणि तापते. पुढे थोडी जागा होऊ द्यायची, मग एकदम हलायचं, चढावर ब्रेक किंवा ऑटो होल्ड (पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) वापरायचं. एवढ्याने थरथर बरीच कमी होते.

क्लचपीडित
निवांत, थरथर कमी होईल हो, पण रेस देऊन गाडी हललीच नाही आणि मग उडी मारली हे कुठल्या पद्धतीने चालवल्यावर योग्य ठरतं? तापली असेल तर मीटरवर वॉर्निंग यायला हवी. न सांगता ताकद सोडून देते तो सेफ्टीचाच प्रश्न आहे, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये चालणार हे बनवणाऱ्यांना माहीत असतंच ना.

निवांत_चालक
ते मान्य. वॉर्निंग न देता ताकद जात असेल तर तो दोष धरायलाच हवा. मी फक्त थरथरीपुरतं म्हणत होतो.

जुनी_फाईल
"तुमची चालवायची पद्धत" यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सचं, म्हणजे ड्युअल क्लचच, प्रकरण अगदी हेच होतं. फिएस्टा, फोकस, इकोस्पोर्टचे मालक थरथर आणि झटक्यांची तक्रार घेऊन जायचे आणि त्यांना चालवण्याची पद्धत कारण म्हणून सांगितली जायची, गिअरबॉक्समध्ये दोष आहे हे कंपनीला माहीत असूनही. तिथल्या ग्राहक आयोगाने केस केली आणि २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला. दंड दोषासाठी नव्हता हे लक्षात घ्या, तक्रार करणाऱ्या ग्राहकांना ज्या पद्धतीने वागवलं त्यासाठी होता.

फॉल्ट कोड नसताना दोष असू शकतो का, याचं उत्तर टोयोटा प्रियसमध्ये आहे. २०१० च्या सुरुवातीला मालकांनी तक्रारी केल्या की खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबताना क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा होतो. तुटलेला पार्ट कुठेच नव्हता, एबीएसचं सॉफ्टवेअर जसं लिहिलं तसंच चालत होतं, लिहिलंच तसं होतं. जगभरात ४ लाखांहून जास्त हायब्रिड गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदललं. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये सात गिअरच्या डीएसजी या त्यांच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्ससाठी सुमारे १६ लाख गाड्या बोलावल्या, त्यात सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरलं, कारण उष्ण दमट हवेत आणि सारख्या थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये आधीच्या ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता.

आणि ड्रायव्हरची चूक म्हणून सोडून दिलेलंही नंतर डिझाइनचा दोष निघतं. फियाट क्रायस्लरच्या काही गाड्यांत गिअरचा दांडा प्रत्येक वेळी मधल्या जागी परत यायचा, हाताला कळायचंच नाही की पी लागलाय की नाही, लोक उतरायचे आणि गाडी घरंगळत जायची. २०१६ मध्ये सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या, आता दार उघडलं की गाडी स्वतःच पी लावते असा बदल केला. उलट १९८० मध्ये अमेरिकेत फोर्डच्या जुन्या गाड्या पी मधून आपोआप रिव्हर्सला जातात अशा हजारो तक्रारी होत्या, तरी रिकॉल झालाच नाही, २ कोटींहून जास्त मालकांना डॅशबोर्डवर लावायला सूचनेचं स्टिकर पाठवलं आणि विषय मिटवला.

तेव्हा एकट्याने भांडत बसू नका. देशोदेशी गाड्यांच्या सुरक्षेची सरकारी यंत्रणा असते आणि बऱ्याच ठिकाणी मालकाला तिथे थेट तक्रार नोंदवता येते, गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर लागतो. एका तक्रारीने काही हलत नाही, पण त्याच मॉडेलच्या, त्याच लक्षणाच्या तक्रारी साठल्या की चौकशी त्यावरूनच सुरू होते. त्याच नंबरवर तुमच्या गाडीला आधीच एखादा रिकॉल लागू आहे का तेही बघून घ्या, पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं.

पाना_स्क्रू
दोन्हीचा संबंध असतो का, हे राहिलंच. मास्टर सिलिंडरचा आणि गिअरबॉक्सचा नाही. पण ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो, मागचे लाल दिवे त्यावर लागतात आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटरही त्यावरूनच ठरवतो की पाय ब्रेकवर आहे की नाही. तो स्विच अर्धवट काम करत असेल तर पाय उचलल्यावरही त्याला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे आणि तो क्लच लावायला उशीर करतो. तसंच चाकांचे स्पीड सेन्सर एबीएस वापरतं आणि गिअरबॉक्सही वापरतो. त्यामुळे ब्रेकचं काम होईल तेव्हा हा स्विच तपासायला सांगा, काम छोटं आहे आणि कित्येकदा बघितलंच जात नाही. कुणाला तरी मागे उभं करा, पेडल सोडल्याबरोबर दिवे विझतात का एवढं घरीसुद्धा कळतं.

मधली_सीट
मी गाडी चालवत नाही पण नेहमी शेजारी बसते, म्हणून विचारते, चालताना अचानक ब्रेक गेला किंवा गाडी स्वतःहून पळायला लागली तर त्या वेळी नक्की काय करायचं?

पाना_स्क्रू
ताई चांगलं विचारलंत. पेडल तळाला गेलं तर भराभर पंप करायचं, बऱ्याचदा थोडं प्रेशर परत तयार होतं. शिवाय ब्रेकच्या लाइन दोन वेगळ्या असतात, एक गेली तरी दुसरीवर ब्रेक लागतो, पण पाय खूप खाली न्यावा लागतो आणि जोर जास्त लागतो, म्हणून घाबरून पाय काढायचा नाही. गिअर खाली आणायचा. हँडब्रेक हळूहळू ओढायचा, एकदम नाही, बटण धरून, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत बटण ओढून धरून ठेवलं की तो गाडी थांबवतो. आणि गाडी पळत सुटली तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून न्यूट्रल, इंजिनचा कितीही आवाज होऊ दे. चालत्या गाडीची चावी बंद करायची नाही, स्टिअरिंग जड होतं आणि काहींचं लॉकही होतं. तुमच्या गाडीत न्यूट्रल कसं पडतं, शेजारी बसून ते करता येतं का, हे उभ्या गाडीत एकदा करून बघा.

डावी_लेन
सगळ्यांचे मनापासून आभार. पेडलची टेस्ट केली. इंजिन बंद, पंप करून कडक केलं, धरून ठेवलं आणि अर्धा मिनिट व्हायच्या आत ते सरकत खाली गेलं. घरातल्यांसमोर केली, सगळ्यांना दिसलं, आता गाडी हलवायची नाही असं ठरलंय. मागचे दिवे मात्र बरोबर विझतात.

सर्व्हिस सेंटरला ईमेल लिहितोय. ब्रेकचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. थंड असताना काय होतं, गरम झाल्यावर काय, चढावर काय झालं, सगळं त्याच शब्दांत जॉब कार्डवर यायला हवं असं लिहिलंय, आणि मॉडेलसाठी कंपनीने वर्कशॉपला काही सूचना पाठवल्यात का ते लेखी विचारलंय. अजून काही?

क्लचपीडित
एक ओळ वाढवा, "वरील तक्रार आढळली नसल्यास कोणती तपासणी केली, किती किलोमीटर चालवली आणि तेव्हा क्लचचं तापमान किती होतं ते लिहावे". मग नुसतं ओके लिहिणं अवघड जातं. आणि जॉब कार्डवर तुमचे शब्द नसतील तर सही करू नका.

पाना_स्क्रू
आणि गाडी न्यायला टो व्हॅन बोलवाल तेव्हा फ्लॅटबेडच मागा, चारही चाकं वर. पुढच्या चाकांना ताकद जाणारी ऑटोमॅटिक पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली की गिअरबॉक्सची वाट लागू शकते, आणि मग मूळ बिघाडही त्या ओढण्यामुळेच झाला म्हणायला ते मोकळे. निघताना मीटरच्या किलोमीटरचा फोटो काढून ठेवा.