मदत हवी आहे: एचएस-सीआरपी ४.२ आलंय, बाकी तब्येत ठणठणीत. पुढे काय?

सह्यवारा (धागाकर्ता)

वय ४६, पुरुष. तंबाखू-सिगरेट नाही, मधुमेह नाही, कुठलीही गोळी चालू नाही. ऑफिसच्या वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची बारीक मोजणी) होतं. ते ४.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आलं आणि शेजारी लाल अक्षरांत 'हाय रिस्क' छापलंय.

बाकीचे आकडे: एकूण कोलेस्टेरॉल १९४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, एचडीएल (चांगलं) ३८, ट्रायग्लिसराइड १९०, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८, रक्तदाब १२८/८२, कंबर ९६ सेंमी. वडिलांना ५२ व्या वर्षी झटका आला होता.

डॉक्टरांकडे जाणारच आहे, पण नीट प्रश्न घेऊन जायचंय.

१. हा एकटा आकडा किती मनावर घ्यायचा?
२. चाचणी परत करायची तर कधी आणि कशी?
३. लॅबकडून आता होमोसिस्टीन, आयएल-६, फायब्रिनोजेन, लिपोप्रोटीन-ए असा 'कार्डियाक मार्कर'चा संच सुचवताहेत. त्यातलं काय करण्यासारखं आहे?
४. घरचे म्हणताहेत, इकोस्प्रिन ७५ (म्हणजे कमी मात्रेचं अॅस्पिरिन) लगेच सुरू कर. करू का?

काचपट्टी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मोजमापच चुकलं असेल तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही.

एकक तपासा. काही लॅब प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. ०.४२ प्रति डेसिलिटर आणि ४.२ प्रति लिटर हे एकच. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवले की इथेच दहापटीचा घोळ होतो.

चाचणी खरंच 'एचएस' होती ना, तेही बघा. साधं सीआरपी जंतुसंसर्ग पकडायला असतं. तिथे आकडे दहा-वीसपासून शेकड्यात जातात आणि ३ ते ५ च्या खालचं नीट मोजलं जात नाही. हृदयाच्या जोखमीचा सगळा हिशोब १ ते ३ च्या आसपासचा, त्यामुळे साध्या चाचणीवर तो मांडता येत नाही. रिपोर्टवर '५ पेक्षा कमी' एवढंच लिहिलेलं असेल तर ती साधी चाचणी.

आता मुख्य प्रश्न: रक्त देण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सर्दी-खोकला, दातांचं काम, मुकामार, लस, हाफ मॅरेथॉनसारखं काही? चिकनगुनियानंतर सांधे दुखत राहिलेत असं काही?

सह्यवारा

काचपट्टी, चाचणी एचएसच आहे, एककही प्रति लिटर. पण रक्त देण्याच्या आदल्याच आठवड्यात अक्कलदाढ काढली होती, गाल सुजला होता. त्याचा एवढा परिणाम होतो?

काचपट्टी

होतो. सीआरपी यकृतात बनतं, आयएल-६ ने (दाहाचा निरोप नेणारं प्रथिन) इशारा दिला की. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य साधारण १९ तास आणि आजारी असो वा धडधाकट, ते फारसं बदलत नाही. म्हणजे पातळी ठरते ती किती बनतंय यावरच. हिरडी सुजलेली आहे तोवर यकृत बनवतच राहणार. त्यामुळे ४.२ मधलं किती दाढेचं आणि किती नेहमीचं, हे या रिपोर्टवरून कुणालाच सांगता येणार नाही.

दाढेची जखम पूर्ण भरू द्या. मग दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी घ्या. अमेरिकेच्या सीडीसी आणि हार्ट असोसिएशनने २००३ मध्ये हीच पद्धत सांगितली: १ पेक्षा कमी म्हणजे कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर आलं तर ते हृदयाच्या खात्यात धरायचंच नाही, आधी संसर्ग किंवा दुसरा आजार शोधायचा आणि नंतर पुन्हा मोजायचं. दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा. उपाशी राहण्याची गरज नाही. आधीचे दोन-तीन दिवस जिममध्ये जोर काढू नका.

एकाच निरोगी माणसात हा आकडा महिन्याभरात १.५ चा ३ होऊ शकतो. एका रिपोर्टवर 'हाय रिस्क' छापणं हा सॉफ्टवेअरचा उत्साह आहे.

स्टेथोस्कोपवाला

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचं मूळ एकाच अभ्यासात आहे, म्हणून एकत्र घेतो.

अमेरिकेत १९८२ मध्ये 'फिजिशियन्स हेल्थ स्टडी' सुरू झाला. २२,०७१ पुरुष डॉक्टर, दिसायला निरोगी. ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिवसाआड, नाहीतर डमी गोळी. सुरुवातीलाच अनेकांचं रक्त गोठवून ठेवलं होतं. पुढे ज्यांना हृदयविकार, पक्षाघात किंवा शिरेत गुठळी झाली अशा ५४३ जणांची तुलना तेवढ्याच निरोगी राहिलेल्यांशी केली, त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले. सीआरपीच्या सर्वांत वरच्या चौथाईतल्या (सर्वाधिक पातळी असलेल्या २५ टक्के) पुरुषांना हार्ट अटॅकचा धोका सर्वांत खालच्या चौथाईच्या २.९ पट होता आणि रक्त अडून होणाऱ्या पक्षाघाताचा १.९ पट. शिरेतल्या गुठळ्यांशी मात्र संबंध दिसला नाही. शिवाय अ‍ॅस्पिरिनमुळे हार्ट अटॅक वरच्या चौथाईत ५५.७ टक्क्यांनी घटले, खालच्या चौथाईत फक्त १३.९ टक्क्यांनी.

'सीआरपी जास्त आहे ना, मग अ‍ॅस्पिरिन घे' हा सल्ला इथून आला. पण २०१८ मध्ये अराइव्ह, असेंड आणि अ‍ॅस्प्री या तीन मोठ्या चाचण्या आल्या आणि ज्यांना अजून हृदयविकार झालेला नाही अशांमध्ये अ‍ॅस्पिरिनचा फायदा रक्तस्रावाने जवळपास खाऊन टाकला. तेव्हा इकोस्प्रिन स्वतःहून सुरू करू नका. ज्यांना स्टेंट टाकलाय त्यांना ती हवीच, तुमचा प्रश्न वेगळा आहे.

शंकासुर

२.९ पट म्हणजे भयंकरच की! मग प्रत्येकाची चाचणी का करत नाहीत? आणि सीआरपी कमी करायचंच असेल तर हळदीच्या कॅप्सूल आहेतच.

स्टेथोस्कोपवाला

शंकासुर, पट ऐकून घाबरू नका, मूळ धोका किती ते आधी विचारा. २ टक्क्यांचे ६ होणं आणि १५ चे ४५ होणं, दोन्ही तिप्पटच. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगरेट हे सगळं धरल्यावर सीआरपीची भर बरीच छोटी उरते. २०१२ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणाचा अंदाज असा: मध्यम जोखमीच्या ४०० ते ५०० लोकांचं सीआरपी किंवा फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) मोजलं, तर दहा वर्षांत एक जादा झटका टळेल. उपयोग आहे, पण जिथे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) द्यावी की नाही असं घोडं अडलंय तिथे.

दुसरं, सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. ज्यांच्या जनुकांमुळे ते जन्मभर थोडं जास्त राहतं त्यांना त्या प्रमाणात झटके जास्त येत नाहीत. आयएल-६ चा निरोप पकडणाऱ्या पेशीवरच्या ग्राहकाच्या (रिसेप्टर) जनुकात मात्र असा संबंध दिसतो. म्हणजे दोष वरच्या साखळीत आहे, सीआरपी हा तिचा धूर. त्यामुळे नुसता आकडा पाडणं हे उद्दिष्टच नव्हे. हळदीच्या कॅप्सूलने झटके टळल्याचा पुरावा नाही आणि जास्त मात्रेच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद खुशाल चालू द्या.

दाह कमी करणारं औषध चालतं का, हेही तपासून झालंय. २०१७ च्या कँटोस चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाहरोधक इंजेक्शनने झटके वगैरे १५ टक्क्यांनी घटले, पण जीवघेणे संसर्ग वाढले. मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं औषध) कमी मात्रेत अपयशी ठरलं. कोल्चिसिन (गाऊटचं औषध) ०.५ मिलिग्रॅमच्या मोठ्या चाचण्या आधीच हृदयविकार असलेल्यांवरच्या आहेत आणि २०२४ मध्ये त्यांतल्या एकीत फायदा दिसलाच नाही. निरोगी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. किडनी मंद असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते विषारी ठरू शकतं.

मोजपट्टी

सगळे सीआरपीवर तुटून पडलेत आणि कंबर ९६ कुणी वाचलीच नाही.

आशियाई पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंमी. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल ४० च्या खाली. पाचपैकी तीन निकष पुरे, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम (कंबर, साखर, रक्तदाब, चरबी यांचा एकत्रित बिघाड) बसतोच. पोटातली चरबी स्वतः आयएल-६ सोडते, त्यामुळे दाढ बरी झाल्यावरही आकडा २ च्या वर राहिला तर आश्चर्य नको. एचबीए१सी ५.८ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एकूणमधून एचडीएल वजा केलं तर नॉन-एचडीएल १५६ येतं. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना ११८ च्या एलडीएलपेक्षा या आकड्याकडे बघा.

तुमची खरी बाब म्हणजे वडिलांचं ५२. वडील-भावासारख्या सख्ख्या पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत झटका हा स्वतंत्र जोखीमवाढीचा घटक मानतात. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश, मेटाबॉलिक सिंड्रोम आणि एचएस-सीआरपी २ किंवा जास्त हेही त्याच यादीत आहेत. इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरत्र ५८.८.

आता लॅबचा संच. लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण) करा. ते बहुतांशी जनुकांवर ठरतं, सहसा आयुष्यात एकदा मोजलं की पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरपासून पुढे जास्त (या दोन एककांची अदलाबदल करू नका). जमलं तर एपीओबी (वाईट कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांची मोजणी). होमोसिस्टीन सोडा, ब-जीवनसत्त्वांनी ते खाली येतं पण हार्ट अटॅक कमी होत नाहीत. आयएल-६ संशोधनासाठी ठीक, उपचार त्यावर ठरत नाहीत. फायब्रिनोजेन सीआरपीपेक्षा वेगळं फारसं काही सांगणार नाही.

सह्यवारा

सर्वांचे आभार. दाढ भरल्यावर दोनदा केलं: २.६ आणि २.२. लिपोप्रोटीन-ए ३१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम स्कोअर करून मग स्टॅटिनचं ठरवू. स्कोअर शून्य आला तर सुटलो का?

स्टेथोस्कोपवाला

सरासरी २.४, म्हणजे २ च्या वरच. दाढेचा भाग गेला, उरलेला तुमचा.

कॅल्शियम स्कोअर म्हणजे डाय न टोचता केलेला सीटी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा. १०० किंवा जास्त आला तर स्टॅटिनबद्दल फार वाद उरत नाही. १ ते ९९ आला तर कल स्टॅटिनकडे. शून्य आला तर साधारणपणे गोळी लांबवून काही वर्षांनी पुन्हा बघतात, पण सिगरेट, मधुमेह किंवा घरात लवकर आलेला झटका असेल तर ही सवलत तितकी भक्कम नाही, आणि तुमच्याकडे तिसरं आहे. स्कॅनला फक्त कॅल्शियम दिसतं, रक्तवाहिनीतला चरबीचा मऊ थर दिसत नाही, आणि चाळिशीत तो मऊच असण्याची शक्यता जास्त. हा मुद्दा डॉक्टरांसमोर स्वतःहून काढा.

गोळी सुरू झाली तर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड पुन्हा करा. सीआरपी परत मोजायची गरज नाही.

मोजपट्टी

आणि स्कोअर काहीही येवो, कंबर ९० च्या आत. वजन पाच-सात टक्के उतरलं तरी ट्रायग्लिसराइड आणि सीआरपी दोन्ही हलतात. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाढ काढलेल्या डॉक्टरांनाच सांगून त्यांची सफाईही उरकून घ्या.