लिहायला लागल्यापासून तुमचं काय बदललं? अनुभव सांगा

आईची देखभाल करणारी मुलगी, पुणे

आईला पार्किन्सन्स आहे, म्हणजे हालचाली मंदावणारा, मध्येच पाय जागीच अडकवणारा मेंदूचा आजार. चार वर्षांपूर्वी तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "दुपारी नक्की किती वाजता अडकतात त्या?" मी म्हणाले, "हल्ली दुपारी बरं नसतं." त्यापुढे मला काही सांगताच येईना. चोवीस तास तिच्याजवळ मीच, आणि मलाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी दोनशे पानी वही आणली. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, पाय कधी मोकळे झाले, कधी जमिनीला चिकटले, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांनी पानं उलटून पाहिली. सकाळची गोळी पाऊण तासात लागू पडत होती, दुपारची मात्र दीड-दोन तास घेत होती, आणि उसळ किंवा पनीर असलेल्या दिवशी त्याहूनही जास्त. डॉक्टरांनी वही पाहिली आणि समजावलं की लेव्होडोपाची, म्हणजे तिच्या पार्किन्सन्सवरच्या औषधाची गोळी आणि जेवणातली प्रथिनं आतड्यातून रक्तात जाताना एकमेकांची वाट अडवतात. दुपारची गोळी जेवणाआधी पाऊण तास घ्यायची ठरली, उसळ रात्रीवर गेली. आता बहुतेक दुपारी आई बाल्कनीपर्यंत स्वतः चालत जाते.

पुढे वहीच्या समासात माझंही येऊ लागलं. 'आज तिच्यावर ओरडले.' 'आज पुन्हा.' दोन महिन्यांच्या तारखा ताडून पाहिल्या, तर प्रत्येक वेळी आदल्या रात्री मी चार तासांपेक्षा कमी झोपले होते. वही भावाच्या हातात दिली. दोन वर्षं तोंडाने सांगून जे त्याला कळत नव्हतं, ते त्याने दहा मिनिटांत वाचलं. तेव्हापासून शुक्रवार-शनिवार रात्री तो आमच्याकडे असतो.

म्हणून तुम्हाला विचारते आहे. कथा-कविता लिहीत असाल तर उत्तमच, पण हिशोब, पत्रं, डायरी, काहीही चालेल. काय लिहिता आणि त्याने तुमचं काय झालं, ते सांगा. बंद केलं असेल तर तेही सांगा.

द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

ताई, आमच्याकडे वही आधीपासून आहे, कारण माल युरोपला पाठवायचा तर कोणतं औषध कधी मारलं आणि काढणीला किती दिवस राहिले, ते दाखवावंच लागतं. मी फवारणीच्या खाली एक ओळ जास्त लिहायला लागलो: सकाळी पानावरचं दव किती वाजता सुकलं. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशी रोगाची भीती असते, आणि पान जितका वेळ ओलं तितका रोग. तीन हंगामांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की नाल्याकडच्या चार ओळींत दव वरच्या प्लॉटपेक्षा तासभर उशिरा सुकतं आणि डाऊनीचा पहिला डाग दरवेळी तिथंच पडतो. आता त्या ओळींची विरळणी आधी करतो. वडील म्हणायचे, बाग डोक्यात पाहिजे. बाग डोक्यात आहेच, पण तीन वर्षांचं दव डोक्यात राहत नाही.

खरा फायदा वेगळाच झाला. 26 नोव्हेंबर 2023 ला गारपीट झाली. घड, काड्या, पानं, सगळं जमिनीवर. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी वही घेतली. तारीख टाकली, औषधाच्या रकान्यात रेघ मारली आणि पानभर लिहिलं: किती गेलं, सोसायटीचं किती देणं आहे, जखम झालेल्या काड्यांवर सकाळी काय मारायचं, मजुरांचे किती बाकी. आकडा मोठा होता, पण कागदावर तो एकच आकडा होता. डोक्यात तो रात्रभर फिरून पुन्हापुन्हा येत होता. पहाटे दोन तास झोप लागली. सकाळी बायकोला पान वाचून दाखवलं. मला तोंडाने सांगायला जमलं नसतं.

परिचारिका, मिरज

दादांची रात्र वाचून लिहायचा धीर आला.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत मी कोविड वॉर्डला होते. ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायचा, म्हणजे सगळ्या पेशंटची माहिती सोपवायची. बेड नंबर, ऑक्सिजन, नाडी, सलाईन, कोण गेलं. त्यात एक गोष्ट कुठेच बसत नव्हती: माणूस शेवटी काय म्हणाला. एका आजोबांनी विचारलं होतं, म्हशीचं दूध कोण काढतंय. ते मी कोणाला द्यायचं? घरी आले की तेच वाक्य. आंघोळ करताना तेच, पोळ्या लाटताना तेच.

जूनमध्ये एका जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसले. नावं नाहीत, फक्त बेडचे नंबर. पहिले चार-पाच दिवस त्रास वाढला, हे प्रामाणिकपणे सांगते. रडू यायचं, नवरा म्हणायचा, नको लिहूस. दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र एकेक बेड त्या पानावर राहायला लागला, माझ्याबरोबर स्वयंपाकघरात येईनासा झाला. एकतीस बेड लिहिले. रजिस्टर कपाटात आहे. अजून उघडलेलं नाही, टाकायचंही नाही.

समुपदेशक, नागपूर

सिस्टर, तुमचे पहिले चार-पाच दिवस जड गेले, याची नोंद संशोधनातही आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायचं. काहींनी साध्या विषयांवर, तर काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक प्रसंगावर. प्रसंग आणि त्यावेळच्या भावना असं दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहून उठताना जास्त जड होतं. पण पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात त्यांच्या खेपा कमी झाल्या. पुढे अशा प्रयोगांची रीघ लागली. 2006 मध्ये 146 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सरासरी फायदा दिसला, पण तो लहान होता. म्हणून मी लिहिणं हे औषधाला पर्याय म्हणून कधीच सुचवत नाही. आघात अगदी ताजा असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी माणसाशी बोला.

गृहिणी, सोलापूर

मी बंद केलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझी डायरी घरात वाचली गेली आणि जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर बोलून दाखवली गेली. त्यानंतर अकरा वर्षं मी वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. 'लिहा, मोकळं वाटेल' असं सांगणाऱ्यांनी एक प्रश्न आधी विचारावा: वही ठेवायला जागा आहे का?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपल्या दुकानात बसून आत्मकथा लिहिली आणि घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवली. हे वाचलं तेव्हा मी एकटी नाही, हे कळलं. गेल्या वर्षीपासून फोनवर लिहिते, पासवर्ड लावून. अजून हात अडखळतो. वाक्य लिहिताना ते ताटावर ऐकू येईल की काय, असं वाटतं. पण लिहिते आहे.

स्टुटगार्ट, जर्मनी

सोलापूरच्या ताईंना मनापासून नमस्कार.

माझं छोटंच आहे. इथे सतरा वर्षं झाली. दिवसभर जर्मन, मुलांशी अर्धं मराठी. आजीच्या घराबद्दल लिहायला बसलो आणि तांदूळ धुवायच्या भांड्याचं नाव आठवेना. वडिलांना फोन केला. 'रोवळी,' ते म्हणाले. मग शिंकं, फडताळ, उतरंड, वैल निघालं. आमचे फोन आधी हवामान आणि रक्तदाब एवढ्यावर दोन मिनिटांत संपायचे. आता रविवारी तासभर चालतात, कारण माझ्या हातात शब्दांची यादी असते. त्यांनी स्वतः आता कोकणातल्या त्या घराचा नकाशा काढून पाठवला आहे, विहिरीच्या पायऱ्या मोजून.

सूनबाई, जुन्नर तालुका

माझ्या सासूबाईंचं सांगते, त्या शेजारीच बसल्या आहेत.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं. गुलाबी लुगडी नेसलेल्या, पाठीला दप्तर लावलेल्या आज्या. म्हणाल्या, "मला का नाही?" वय तेव्हा बासष्ट. माझ्या मुलीने पाटीवर धडे दिले. बोटं शेतात राठ झालेली, पेन्सिल मुठीत धरायच्या. सही यायला चार महिने लागले. बचत गटाच्या रजिस्टरमध्ये पूर्वी त्यांच्या नावापुढे जांभळा अंगठा असायचा. पहिली सही केली तेव्हा त्यांनी रजिस्टर बराच वेळ परत दिलं नाही.

आता गटाचा हिशोब त्याच लिहितात. गेल्या वर्षी हप्त्याच्या बेरजेत तीनशे रुपयांची चूक त्यांनी पकडली आणि बैठकीत बोलल्या. ज्या बाई मागच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसायच्या, त्या.

आणखी एक. त्यांनी आयुष्यभर सासऱ्यांचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नाही. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात कपाट आवरताना एक पाटीवजा पुठ्ठा सापडला. त्यावर एकाखाली एक, बावीस वेळा, सासऱ्यांचं नाव लिहिलं होतं. वरच्या ओळींतली अक्षरं वाकडी, खाली येता येता सरळ. मी तो पुठ्ठा होता तिथेच ठेवला. आज हे लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "लिही, पण त्यांचं नाव तू नको टाकूस. ते मी टाकते."