मदत हवी आहे: गृहपाठ पूर्ण असूनही श्रेणी घसरली, शिक्षिकांकडून उत्तर नाही

रेवती_ल:
माझा मुलगा सातवीत आहे. या सत्रात त्याची गणिताची श्रेणी घसरली असून प्रगतिपुस्तकावर ‘गृहपाठ अनियमित’ एवढाच शेरा आहे. मी रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून गृहपाठ पूर्ण करून घेते, त्यामुळे हा शेरा मला मान्य नाही. शिक्षिकांना निरोप पाठवून दोन दिवस झाले तरी उत्तर आलेले नाही. परवा पालकसभा आहे आणि तिथे प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. थेट मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करावी का? कृपया लवकर सांगा.

पाटीपुस्तक:
काही गोष्टी कळल्याशिवाय सल्ला देणे अवघड आहे. चाचणीत गुण किती आहेत? एकूण श्रेणीत गृहपाठाचा वाटा किती धरतात? गृहपाठ वहीत तपासला जातो की ऑनलाइन द्यावा लागतो? शिवाय निरोप कुठे आणि कोणत्या शब्दांत पाठवला, तेही सांगा.

जुना_पालक:
तक्रार अवश्य करा. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही समजूतदारपणे वाट पाहत बसलो आणि सत्र संपल्यावर ‘आता गुण बदलता येत नाहीत’ असे ऐकून घ्यावे लागले. कागदावर लिहून दिलेल्या गोष्टीची दखल घ्यावीच लागते.

गणित_शिकवतो:
जुना_पालक, तुमच्या मुलीच्या बाबतीत अन्याय झाला असेल, पण इथे शिक्षिकांची बाजू अजून कोणी विचारलेलीच नाही. माझ्याकडे चार तुकड्या आहेत, म्हणजे दीडशेच्या आसपास मुले. तपासणीच्या आठवड्यात दोन दिवस उत्तर न जाणे हे दुर्लक्षाचे लक्षण नसते. मुख्याध्यापकही पहिला प्रश्न हाच विचारतील की, आपण विषयशिक्षिकांशी बोललात का.

जुना_पालक:
दीडशे मुले आहेत हे मान्य, परंतु ‘अनियमित’ असा शेरा लिहिण्यापूर्वी पालकांना एक ओळ कळवायला नको का? सत्राच्या शेवटी कळून पालकाने करायचे काय?

गणित_शिकवतो:
हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तिसरा गृहपाठ चुकल्यावर तरी घरी कळायला हवे होते.

रेवती_ल:
माहिती देते. चाचण्यांत त्याला ७८ टक्के आहेत. गृहपाठाला २० टक्के वाटा आहे. सत्रात १० गुणांचे सहा गृहपाठ झाले, त्यांत ८, ९, ८ आणि उरलेल्या तिन्हींत शून्य. वहीत सोडवून त्याचे फोटो गूगल क्लासरूमवर द्यायचे असतात आणि ते काम तो स्वतः करतो. निरोप मी पालकांच्या गटावर रात्री टाकला, कारण इतरांचाही असा अनुभव असेल तर तो पुढे येईल असे वाटले.

पाटीपुस्तक:
म्हणजे प्रश्न त्या तीन शून्यांचा आहे. ६० पैकी २५ म्हणजे सुमारे ४२ टक्के. चाचणीचे ८० टक्के धरून एकूण ७१ च्या आसपास येते. तेच तीन गृहपाठ इतर तिन्हींसारखे झाले असते, तर एकूण ७९ झाले असते. मुलाचे गणित कच्चे आहे असे या आकड्यांवरून मुळीच दिसत नाही. तुम्ही ‘श्रेणी घसरली’ असे म्हणाल तर बोलणे भरकटेल. ‘हे तीन गृहपाठ मिळाले का’ असे विचारलेत, तर पाच मिनिटे पुरतील.

गणित_शिकवतो:
माझा अंदाज सांगतो. तिथे फोटो जोडणे आणि गृहपाठ सादर करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. फोटो जोडून ‘टर्न इन’ दाबले नाही, तर मुलाला आपले काम झाल्यासारखे वाटते, पण शिक्षकाकडे ते सादर झालेले दिसत नाही आणि मुदत उलटल्यावर ‘मिसिंग’ अशी नोंद होते. आज मुलाबरोबर बसून तिन्ही नोंदी पाहा, मात्र त्याच्यावर आळ येईल अशा सुरात विचारू नका. आणखी एक: शाळेने ती सोय सुरू ठेवली असेल, तर राहिलेल्या आणि येणाऱ्या कामाचा गोषवारा पालकांना ईमेलने मिळू शकतो.

स्वाती_वाचते:
आपण विचारलेले नाही, तरीही लिहिते. सातवीतल्या मुलाच्या शेजारी रोज बसण्याची खरोखर गरज आहे का? नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये याच वयोगटावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. शिक्षणाचे महत्त्व, अपेक्षा आणि पुढची वाट यांविषयी पालक मुलांशी बोलतात, याचा यशाशी सर्वांत घट्ट संबंध त्यांना दिसला. गृहपाठात थेट मदत करण्याचा तसा ठाम फायदा दिसला नाही.

अभ्यासिका:
माझ्या मते लहान गटाची शिकवणी लावावी. गृहपाठही तिथेच होतो आणि घरातला वाद मिटतो.

पाटीपुस्तक:
ज्या मुलाला चाचणीत ७८ आणि दिलेल्या गृहपाठांत ८३ टक्के आहेत, त्याला शिकवणी कशासाठी? स्वाती_वाचते, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण ज्या मुलांना अभ्यास जड जातो त्यांचेच पालक अधिक मदत करतात, हेही ध्यानात घ्यायला हवे. मदतीमुळे गुण कमी होतात असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

रेवती_ल:
आत्ताच पाहिले. दोन गृहपाठांत फोटो जोडलेले आहेत, पण सादर केलेले नाहीत. तिसरा मुदतीत सादर झालेला दिसतो आणि तरीही शून्य आहे. तो रडवेला झाला होता. त्याला खरोखरच माहीत नव्हते. गटावर सर्वांसमोर लिहिले याचे आता मलाच वाईट वाटते आहे. आता शिक्षिकांना काय लिहू?

गणित_शिकवतो:
रेवतीताई, आधी गटावरचा निरोप काढून टाका. मग शिक्षिकांना स्वतंत्रपणे असे लिहा: ‘गटावर लिहायला नको होते, त्याबद्दल दिलगीर आहे. तिन्ही गृहपाठांच्या नोंदी मुलासोबत पाहिल्या. दोन त्याच्याकडून सादर करायचे राहिले. तिसरा मुदतीत सादर झालेला दिसतो, तो कृपया पुन्हा पाहावा. राहिलेले दोन आता स्वीकारता येतील का, हे पालकसभेत विचारायचे आहे.’ त्यांचे ओझे वाढणार नाही इतकेच मागा.

जुना_पालक:
दोन्ही गृहपाठांचे पूर्ण गुण मागायला हवेत. फोटो तिथे वेळेत होते.

गणित_शिकवतो:
ते शिक्षिकांनी ठरवावे. उशिराचे गुण कापले तरी शून्यापेक्षा ५ किंवा ६ गुणांनी सरासरी बरीच सावरते.

स्वाती_वाचते:
एक विनंतीही करून पाहा: काही राहिले असेल, तर आठवड्याला एका ओळीत कळवावे. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांच्या २०१५ च्या प्रयोगात शिक्षकांचे असे एका वाक्याचे निरोप दर आठवड्याला पालकांकडे जात होते. ती मुले वयाने मोठी होती, पण काय सुधारायचे हे सांगणारे निरोप नुसत्या कौतुकापेक्षा अधिक उपयोगी ठरले.

रेवती_ल:
गटावरचा निरोप काढला आणि शिक्षिकांना स्वतंत्रपणे लिहिले. तासाभरात उत्तर आले. तिसऱ्या गृहपाठाचे पान फोटोत अर्धेच आले होते, म्हणून तो तपासता आला नाही, आणि तसे कळवायचे त्यांच्याकडून राहून गेले, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. पालकसभेला वही आणि मुलगा दोघांनाही घेऊन यायला सांगितले आहे. दोन गृहपाठांविषयी काय विचारायचे, ते तो स्वतःच बोलणार आहे. आत्ता तो कागदावर मुद्दे लिहीत बसला आहे.