भरभराटीनंतर एवढी खोल मंदी येते कशी? (१९२९ विषयी शंका)

प्रश्न : करवीरचा गूळवाला

आमच्या घरी पणजोबांची शके १८५३ ची वही आहे. ऊस चांगला आला होता, गुऱ्हाळ चालू होते, शाहूपुरीतील अडत्याकडे गुळाचे रवे नेमाने जात होते. आणि तरीही त्याच वर्षी पणजीच्या पाटल्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, विकल्याची नोंद आहे. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती एवढे मला ठाऊक आहे. पण १९२० च्या दशकातील भरभराट अशी एकाएकी कोसळली कशाने, आणि न्यूयॉर्कमध्ये शेअर पडले म्हणून आमच्या पाटल्या का जाव्यात?

उत्तर : उद्यमनगरी

ती भरभराट बरीचशी उसनवारीची होती. मोटारी आणि रेडिओ हप्त्यांवर घेतले जात, आणि शेअरसाठी अनेकदा किमतीचा लहानसा भाग खिशातून घालून बाकीचे पैसे दलालाकडून उचलले जात. भाव उतरताच दलाल जादा रक्कम मागू लागे, ती नसली की शेअर विकून टाकी, आणि त्या विक्रीने भाव आणखी खाली जाई. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची पातळी दाखवणारा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता, तो जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला.

उत्तर : निवृत्त कॅशियर

वरील माहिती बरोबर आहे, पण शेअर बाजाराला फार मोठा मान दिला गेला आहे असे मला वाटते. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी हाच निर्देशांक एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक पडला होता आणि तरी महामंदी आली नाही. १९३० नंतर जे घडले ते बँकांमध्ये घडले. तीन-चार वर्षांत अमेरिकेतील सुमारे ९,००० बँका बुडाल्या, त्यांतल्या ठेवी अडकल्या वा बुडाल्या, आणि देशातील एकूण पैसा जवळपास एक तृतीयांशाने आटला. अशा वेळी बँकांना हात देण्याऐवजी फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, ऑक्टोबर १९३१ मध्ये, सोने देशाबाहेर जाऊ नये म्हणून, व्याजदर वाढवले. ताप चढलेल्या माणसाला घोंगडे पांघरावे, तसाच हा प्रकार झाला.

पैसा आटला की भाव पडतात, पण कर्जाचा आकडा पडत नाही. समजा, गूळ मणाला दहा रुपये असताना कुणी शंभर रुपये कर्ज काढले, तर ते दहा मणांचे कर्ज झाले. भाव पाच रुपयांवर आला की तेच कर्ज वीस मणांचे होते. ते फेडायला प्रत्येक जण अधिक माल विकायला काढतो, आणि सगळ्यांनीच काढला की भाव आणखी पडतो.

उत्तर : गुजरीतला

पाटल्यांचे कोडे इथेच सुटते. १९२९ नंतरच्या दोनेक वर्षांत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले, पण शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र रोख व ठरल्या आकड्यानेच द्यावे लागे. त्यातून सरकारने रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधून ठेवला होता, आणि तो दर चढा असल्याची व्यापाऱ्यांची तक्रार जुनीच होती. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णमानक, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठरल्या दराने सोने देण्याची पद्धत, सोडले. रुपया पौंडाबरोबरच खाली गेला आणि सोन्याचा रुपयांतील भाव चढला. पिकाला भाव नाही आणि सोन्याला आहे, असे झाल्यावर देशभर लोकांनी दागिने मोडले आणि ते सोने मुंबई बंदरातून जहाजांनी बाहेर गेले. आपापल्या उद्योगांना वाचवण्यासाठी देशोदेशी आयातकर वाढले, त्याने व्यापार आणखी गळपटला, ते वेगळेच.

प्रश्नकर्ता : करवीरचा गूळवाला

सर्वांचे आभार. आज वही पुन्हा काढून पाहिली. पाटल्यांची नोंद मार्गशीर्षातली, म्हणजे डिसेंबर १९३१ च्या सुमाराची आहे, आणि तिच्या लगेच खालची ओळ साऱ्याचा हप्ता भरल्याची आहे. दोन्ही रकमांत फरक आहे तो सव्वा रुपयाचा.