मदत हवी आहे: सुऱ्या आणि वस्तऱ्यासाठी कोणता दगड घेऊ?

गोदाकाठ: हार्डवेअरच्या दुकानातून दुहेरी दगड आणला. सुरी एक दिवस कापते, दुसऱ्या दिवशी टोमॅटो चेपते. वस्तरा तर गाल ओरबाडतो. ऑनलाइन दगडांवर १००० पासून १२००० पर्यंत नुसते आकडे दिसतात. नेमका कोणता? आजच मागवायचाय.

पंचवटीकर: वस्तरा अर्ध्या ब्लेडचा की जुना, घडीच्या पात्याचा? ब्लेडचा असेल तर ब्लेड बदला, विषय संपला. सुऱ्या कसल्या? बजेट?

सिडकोची सुगरण: दगड कशाला? विळी वापरा. सायकलवाल्या धारवाल्याकडून मी वर्षातून दोनदा धार लावून घेते.

अंबड टूलरूम: ताई, कोरड्या चाकावर पातळ कड तापते, पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडतं. सुरी तिथे देऊ नये.

सिडकोची सुगरण: माझी विळी बारा वर्षं तीच आहे!

अंबड टूलरूम: विळीचं पातं जाड, ते सोसतं. वस्तरा नाही सोसणार.

गोदाकाठ: विळीचं विचारलंच नाहीये. वस्तरा आजोबांचा, खरा. सुऱ्या स्टेनलेसच्या. तीन हजारांत बसवा.

अंबड टूलरूम: हे आधी सांगायचं ना. तुमचा दगड कार्बोरंडमचा असणार, त्याची बारीक बाजूही भरडच. वस्तरा त्याला लावूच नका. ते आकडे दगडाच्या कणांचे, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. सुऱ्यांना १००० चा पाण्याचा, म्हणजे पाणी लावून वापरायचा, दगड पुरे. साधारण २० अंशांत धरा, पलीकडे बर, म्हणजे वळलेली बारीक कड, बोटाला जाणवली की बाजू बदला. शेवटी अगदी हलक्या हाताने ती काढा. ती राहिली की पहिल्या दिवशी कापते आणि मग मोडते, तुमचं तेच होतंय. वस्तऱ्याला कोन मोजायचा नाही. पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून ८००० वर.

दिंडोरीची बाग: द्राक्षछाटणीच्या कात्रीला १००० चालेल का? ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय.

पंचवटीकर: चालेल, पण उताराच्या बाजूनेच घासा. सपाट बाजूवर फक्त बर काढा. गोदाकाठ, ८००० च्या आधी दगड सपाट आहे का बघा. माझा मधे खोलगट झाला होता, त्यावर चांगला वस्तरा बिघडवून बसलो. काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून दगड घासायचा. आणि धारेला खाच नसेल तर आधी चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास फेऱ्या मारून बघा, पाठ पुढे ठेवून.

गोदाकाठ: भिंगातून पाहिलं, टोकाशी बारीक खाच आहे.

अंबड टूलरूम: मग आधी १०००, मग ८०००. मधे ३००० मिळाला तर हात वाचेल.

गोदाकाठ: मागवतो. पट्टा म्हणून आजोबांचा कमरेचा चालेल?

पंचवटीकर: अस्सल चामडं असेल आणि त्यावर नक्षी नसेल तर चालेल.